नव्या गाण्याची सुपारी

भाद्रपद लागला की मराठी घरांत दोन गोष्टींची आवक वाढते : डासांची आणि वर्गणी मागणाऱ्यांची. डासांवर निदान मच्छरदाणीचा इलाज आहे. दारात उभी राहून "काका, गेल्या सालचे एकशे एक होते, औंदा वाढवा" म्हणणाऱ्या पोरांवर कसलाच इलाज नाही. आमच्या घरच्या हिशेबाच्या वहीत सौभाग्यवतींनी 'दूध', 'वाणी' आणि 'औषधपाणी' यांच्या जोडीला 'वर्गणी' असा एक स्वतंत्र रकाना आखून ठेवला आहे, आणि आश्विन संपेपर्यंत तो औषधपाण्याच्याही पुढे गेलेला असतो.

एकदा सहज मी पाच वर्षांचा तो रकाना चाळला. मंडप, रोषणाई, मिरवणूक, महाप्रसाद आणि कानठळ्या बसवणारे ध्वनिवर्धक. सगळ्यांना आम्ही दिले होते. मात्र एवढ्या पैशांतून एखादी नवी चाल, एखादे नवे गाणे जन्माला आल्याची नोंद कुठे सापडली नाही. मांडव दर साली नवा, गाणे मात्र आयते आणलेले. ही साधी गोष्ट वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती. ती यायला एका विद्यार्थ्याने मला कोंडीत पकडावे लागले.

हा विद्यार्थी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. घराणे गोंधळ्यांचे, घर तुळजापूरचे. पाटीपेन्सिलीच्या आधी त्याच्या हातात संबळाच्या काड्या आल्या. पुण्यामुंबईच्या ज्या वाचकांनी संबळ फक्त लग्नानंतरच्या गोंधळात, तोही पेंगुळलेल्या डोळ्यांनी ऐकला असेल, त्यांच्यासाठी सांगतो : संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन चर्मवाद्ये, एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खर्जातला. वादक ती कमरेला लावतो आणि दोन काड्यांनी वाजवतो. हे मैदानाचे वाद्य आहे. देवळाच्या प्रांगणात, हजार माणसांच्या कोलाहलात, दूरच्या माणसाला 'इकडे गोंधळ मांडला आहे' हे कळावे म्हणून ते घडले आहे. दिवाणखान्यात त्याला कोंडणे म्हणजे बैलजोडीला माजघरात बांधण्यासारखे आहे.

एका समारंभात या मुलाला संबळ वाजवायला सांगितले होते. कधी? तर पाहुणे येऊन स्थानापन्न होईपर्यंत. पाहुणे बसले, हारतुरे आले, आणि कुणीतरी हातानेच त्याला 'पुरे' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, मी वाजवतो तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला लागले. मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि मला एक वाद्यसंगीत ऐकवले. झाकीर हुसेन यांचे 'पेशकार'. तबला आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेले. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "तबल्यासाठी असं कुणीतरी लिहून घेतलं. संबळासाठी कोण लिहून घेणार?"

वर्गात विद्यार्थ्यांनी असे प्रश्न विचारले की आम्ही प्राध्यापक मंडळी 'हा विषय आपण पुढील तासाला घेऊ' असे म्हणतो. मीही तेच म्हणालो, आणि घरी येऊन वाचत बसलो.

ज्याला 'कॉन्चेर्टो' म्हणतात तो प्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाही. एक किंवा अधिक कसलेले वादक पुढे, बाकीचा मेळा मागे. पुढचा बोलतो, मेळा दुजोरा देतो, कधी अडवतो, कधी एकटे सोडून देतो. कीर्तनकार आणि टाळकरी, मुख्य गोंधळी आणि त्याचे साथीदार यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललेले आहे. फरक एवढाच की कॉन्चेर्टो कुणीतरी आधी रचून कागदावर उतरवलेला असतो, आणि तो रचून घेण्यासाठी कुणीतरी आधी पैसे मोजलेले असतात. पंडित रविशंकरांनी सतारीचा पहिला कॉन्चेर्टो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सांगण्यावरून रचला आणि तो १९७१ साली वाजला. 'पेशकार' मुंबईत नरिमन पॉइंटवरच्या एन. सी. पी. ए. या संस्थेच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने रचून घेतले आणि २०१५ साली ते तिथेच प्रथम वाजले. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. 'पेशकार' मागे राहिले, ते कुणीतरी वेळेवर मागितले म्हणून.

असे काम सांगण्याला मराठीत शब्द कोणता, याचा मी भाषेचा माणूस म्हणून पुष्कळ विचार केला आणि मग स्वतःलाच हसलो. शब्द आमच्या विद्यार्थ्याच्या घरात रोज वापरात आहे : सुपारी! गोंधळाची सुपारी, वाजंत्र्यांची सुपारी, तमाशाची सुपारी. हल्ली वर्तमानपत्रांतल्या गुन्हेगारीच्या बातम्यांनी हा शब्द पार बिघडवून टाकला आहे. पण मूळ अर्थ किती नेमका! काम व्हायच्या आधी, कामावर विश्वास म्हणून हातावर ठेवायची वस्तू.

पण एवढी मोठी सुपारी द्यायची कुणी? पूर्वी राजेरजवाडे देत. त्या छत्राबाहेर पडण्याचे धाडस केले विष्णु दिगंबर पलुसकरांनी. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते लोकांच्या देणग्यांवर आणि तिकिटांच्या जलशांवर. पुढे मुंबईत शाखा काढली, इमारत उभारली, कर्ज झाले आणि १९२४ साली ती इमारत लिलावात गेली. इमारत गेली तरी त्यांनी तयार केलेले शिष्य देशभर पसरले, म्हणून आज घरोघरच्या मुली संगीताच्या परीक्षा देतात. लोकांच्या पैशावर संगीत उभे राहते, पण त्यासाठी लोकांकडे पुन्हापुन्हा जावे लागते, हा त्या चरित्राचा मला उमगलेला अर्थ.

आपल्याकडे गाण्याने पैसे उभे केल्याच्या कथा भरपूर आहेत. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर मुंबईत एकाच रंगमंचावर उभे राहिले. तो 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी होता. गाण्याने वर्गणी जमवली. गाण्यासाठी वर्गणी जमवल्याची कथा तितकी सहज सापडत नाही. सर्वांत जवळची मला सापडली ती गुजरातची, आणि तीही चित्रपटाची. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा 'मंथन' तयार झाला. आपली स्मिता पाटील त्यात होती, संगीत वनराज भाटियांचे होते. आपलाच चित्रपट पाहायला खेड्यापाड्यांतले दूधवाले ट्रक भरभरून शहरात आले. दोन रुपयांना माणूस तिकीट घेतो तेव्हा तो प्रेक्षक होतो. दोन रुपये आधी देतो तेव्हा तो घरचा होतो.

आणि वाचकहो, ही युक्ती आजची नव्हे. मोझार्ट हे नाव आपण ऐकलेले असते. हा गृहस्थ सव्विसाव्या वर्षी व्हिएन्नात बिऱ्हाड करून राहत होता, आणि तुमच्याआमच्यासारखीच त्यालाही महिनाअखेरची विवंचना होती. जानेवारी १७८३ मध्ये त्याने तिथल्या वृत्तपत्रात जाहिरात दिली : पियानोचे तीन नवे कॉन्चेर्टो, वर्गणी चार डुकाट. त्या जाहिरातीत मला आवडली ती एक खुबी. हे कॉन्चेर्टो भरगच्च वाद्यवृंदासह वाजवा, किंवा नुसती दोन व्हायोलिने, एक व्हियोला आणि एक चेलो एवढ्यांवर घरच्या घरी भागवा. कुठल्या घरी किती माणसे जमतील याचा विचार त्याने रचतानाच करून ठेवला होता.

वर्गणी जमली का? त्याच्या अपेक्षेप्रमाणे नाही. पुढच्याच वर्षी, १७८४ साली, त्याने जलसे जाहीर केले तेव्हा मात्र १७४ वर्गणीदार मिळाले आणि त्याने मोठ्या अभिमानाने ती यादी आपल्या वडिलांना पाठवली. पाच वर्षांनी, १७८९ साली, त्याने पुन्हा यादी फिरवली. ती परत आली तेव्हा तिच्यावर एकच नाव होते. माणूस तोच, हात तेच. आटली होती ती वर्गणी.

हे वाचून मी थोडा घाबरलो. मोझार्टच्या यादीवर एक नाव, तर आमच्या यादीवर किती! पण दुसरे एक उदाहरण हाती लागले आणि धीर आला. अमेरिकेत जोन टॉवर नावाच्या संगीतरचनाकार बाई आहेत. २००५ साली त्यांच्याकडून एक नवी रचना करून घेतली ती एकट्यादुकट्या श्रीमंत संस्थेने नव्हे, लहान गावांच्या, लहान खिशांच्या ६५ वाद्यवृंदांनी मिळून. तिथल्या पन्नासही राज्यांत ती वाजली. प्रत्येक गावाने थोडे दिले आणि प्रत्येक गावात 'आमच्या गावचा पहिला प्रयोग' झाला.

हे वाचताना मला तुळजापूर दिसू लागले. दसऱ्याला भवानीचे सीमोल्लंघन होते. त्याची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. त्यानंतर देवी निद्रा घेते तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून निघतो आणि गावोगाव थांबत, मजल दरमजल करीत तुळजापुरात पोचतो. एका सोहळ्याचे किती वाटेकरी! आणि त्यांतल्या कुणाला विचारा, तो 'आम्ही वर्गणी देतो' असे म्हणणार नाही. तो म्हणेल, 'हा आमचा मान आहे.' पैसे मागितले की माणूस खिसा चाचपतो. मान दिला की पुढे होतो.

मग मी आणि माझ्या विद्यार्थ्याने बेत केला. आमच्या जिल्ह्यात तालुके आठ : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, वाशी आणि परांडा. प्रत्येक ठिकाणी ऐंशी माणसे, माणशी शंभर रुपये. एका ठिकाणचे आठ हजार, आठांचे मिळून चौसष्ट हजार. त्यांतले चाळीस हजार संगीतकाराला, बारा हजार संबळ आणि सनई वाजवणाऱ्यांची बिदागी, उरलेले बारा हजार प्रवास, स्वरलिपीच्या प्रती आणि तालमीचा चहाचिवडा. ज्या गावाचे आठ हजार पुरे होतील त्या गावाला आपल्या तालुक्यातल्या पहिल्या प्रयोगाचा मान. एकाच गावाने सगळे द्यायचे नाही, आणि एकाच गावाने मिरवायचेही नाही.

मेळ्याचे काय? आमच्याकडे ऑर्केस्ट्रा कुठून आणायचा? पण भजनी मंडळ नाही असे गाव नाही. कुठे बँडपार्टी आहे, तिच्यात सनईच्या धर्तीची क्लॅरिनेट आहे. कुठे शाळेचे लेझीमपथक, कुठे एखाद्या निवृत्त गुरुजींचे व्हायोलिन. तेव्हा रचनाच अशी हवी की जे असतील ते वाजवतील. अशी रचना जगात पूर्वीही झालेली आहे. टेरी रायली या अमेरिकन रचनाकाराने १९६४ साली ५३ लहान लहान स्वरवाक्यांची एक रचना केली, ती कितीही माणसांनी, कोणत्याही वाद्यांवर वाजवावी. २०२० च्या साथीत शाळांचे वाद्यवृंद अर्धेमुर्धे झाले तेव्हा तिकडच्या पुष्कळ रचनाकारांनी याच पद्धतीने लिहिले.

शेजारच्या जिल्ह्यातले एक संगीतशिक्षक रचनेला तयार झाले. त्यांनी हे कसे साधते ते मला चहाच्या चार कपांनी समजावले. पहिला कप वरचा सूर : तो बासरीने वाजवा, व्हायोलिनने वाजवा, नाहीतर मुलींनी गा. दुसरा मधला. तिसरा खालचा, म्हणजे आधाराचा. चौथा कप ताल. हे चार पदर भरले की रचना उभी राहते. पाचवा, पंधरावा, पन्नासावा माणूस आला तर त्याने आपल्या गळ्याला किंवा वाद्याला झेपेल त्या पदराला जाऊन मिळायचे. मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. सनई कोणत्या पट्टीची? पेटी आणि गळे पट्टी बदलतील, सनई बदलणार नाही. जागा उघडी की बंद? बंद असेल तर संबळ पेटीला गिळून टाकेल. आणि तिसरा : पैसे आगाऊ की नंतर? हे शेवटचे त्यांनी जरा लाजत विचारले. कलावंताने पैशाविषयी लाजावे असे आपण त्यांना शिकवून ठेवले आहे.

पावतीपुस्तक छापले आणि मी वर्गणीला निघालो. वाचकहो, ज्या पोरांना मी इतकी वर्षे दारातून कटवत आलो त्यांच्याविषयी माझ्या मनात त्या दिवशी अपार आदर उत्पन्न झाला. मी निघालो होतो तो एका भ्रमात. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावी भरले होते. एवढे मोठे कार्य अंगावर घेणाऱ्या गावाला चौसष्ट हजार ते काय! पण संमेलन दिसते. मांडव दिसतो, ग्रंथदिंडी दिसते. माझ्या हातात दाखवायला काही नव्हते.

आमच्या शेजारी एक निवृत्त अधिकारी राहतात. सज्जन गृहस्थ. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "गाणं कुठं आहे?"

"अजून व्हायचं आहे."

"मग कसलं आहे ते?"

"ते झाल्यावर कळेल."

"प्राध्यापक," ते अत्यंत सहानुभूतीने म्हणाले, "झाल्यावर या."

एका दुकानदाराने फलकावर नाव किती मोठे येईल ते विचारले. फलक नाही म्हटल्यावर त्याला माझीच कीव आली. एका बाईंनी मात्र दोन पावत्या घेतल्या. एक स्वतःची, एक सासूबाईंच्या नावाची. त्या सासूबाई भजनी मंडळात गात असत. अशा पावत्यांवर मी तग धरून होतो. पण 'झाल्यावर या' हे वाक्य काही मनातून जाईना. त्यात चूक काय होती? न पाहिलेल्या मालाचे पैसे मीसुद्धा कधी दिले नसते.

याचे उत्तर मला तुळजापुरात, विद्यार्थ्याच्या वडिलांकडून मिळाले. त्यांच्याकडे गेलो तो वर्गणी मागायला नव्हे. वादक तेच, त्यांच्याकडून कसली घ्यायची! त्यांनी आधी मुलाचीच गोष्ट काढली. "पोरगं पुण्याला जातो म्हणूलालंय, सर. चाकणला कंपनीत लावतेत म्हणं." आणि मग, "सुपारी कुणाच्या नावाची हाय?"

"आठ गावांच्या नावाची," मी म्हणालो. "पण लोक म्हणतात, आधी गाणं दाखवा."

ते हसले. "सर, आम्ही गोंधळ मांडतो तवा देव आलेले असतेत का? चौकात दिवटी असती, नारळ असतो, अन् आम्ही असतो. देव न्हाईत, म्हणूनच तर एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं. आलेल्याला बोलवायला गोंधळी कशाला लागतोय?"

आणि त्यांनी एक्कावन्न रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. मी नको नको म्हणालो. "माझ्या वाद्याचं गाणं व्हायचं, अन् मी नको म्हणता?" यावर एम. ए.ला शिकलेले एकही उत्तर मला आठवले नाही. मी पावती फाडली.

त्यानंतर मी पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहिलो की गाण्याचे वर्णन करीनासा झालो. 'अजून नाही, म्हणून बोलवायला निघालो आहे,' एवढेच सांगू लागलो. हे ऐकून सगळ्यांनी पैसे दिले असे नाही. पाच तालुक्यांनी हात पुढे केला, तीन तालुक्यांत आम्हांला एकही ओळखीचे दार उघडता आले नाही. होळीपर्यंत जमले एकतीस हजार साडेचारशे. निम्म्याहूनही थोडे कमी.

मी संगीतशिक्षकांकडे गेलो आणि भीतभीत म्हणालो, की बाकीचे नंतर बघू, तुम्ही रचना तर पुरी करा. ते शांतपणे म्हणाले, "पैसे अर्धे, गाणं अर्धं. फुकट झालेलं काम कुणी जपून ठेवत नाही, सर." त्या क्षणी राग आला. नंतर पटले. शेजाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून मी दारोदार फिरत होतो आणि संगीतकाराने मात्र उधारीवर लिहावे असे म्हणत होतो.

पहिला भाग श्रावणात आला. पहिल्या पानावर शीर्षकाच्या जागी एवढेच होते : संबळ, सनई आणि जे असतील ते.

पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो मुलगा तोवर गेला होता. ज्येष्ठातच त्याला चाकणच्या नोकरीचे पत्र आले. मी त्याला थांब म्हणू शकलो नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? एका अर्ध्या गाण्यावर घर चालत नाही. गाणे आणखी चार महिने आधी झाले असते तरी तो गेलाच असता, अशी मी माझी समजूत घालतो. ती पुरती पटत नाही.

संबळ वाजवायला वडील उभे राहिले. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, त्याचे काही अडले नाही. एकदा ऐकले की हातात उतरे. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. रचनेत मध्ये सोळा मात्रा संबळ थांबतो आणि सनई एकटी बोलते. "संबळ थांबवायचा?" ते चकित होऊन म्हणाले. गोंधळात संबळाने थांबायचे नसते. जन्मभर जे हात थांबले नव्हते त्यांना मोजून गप्प बसायला शिकवायचे होते. ते शिकवले मुलाने. चाकणहून रात्रीची पाळी सुरू व्हायच्या आधी तो दूरध्वनीवर मात्रा मोजून दाखवी आणि इकडे वडील मांडीवर बोटे टेकवून बसत.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी आम्ही पहिला भाग एका शाळेच्या अंगणात वाजवून पाहिला. प्रयोग नव्हे, नुसती रंगीत तालीम. वरच्या पदराला एक बासरी आणि चार मुली, मधल्याला पेटी, खालच्याला भजनी मंडळातले तीन वृद्ध आणि मंडळाची वीणा, तालाला टाळ आणि शाळेचा ढोल. मुलगा रात्रीच्या एस. टी.ने आला होता. वाजवायला नव्हे. तो वडिलांच्या समोर जमिनीवर बसला होता.

ती जागा आली. संबळ थांबला. सनई एकटी राहिली. मुलगा एक हात वर धरून बोटांवर मात्रा मोजत होता, आणि वडिलांची नजर त्या बोटांवर खिळली होती. अंगणात तीसेक माणसे असतील. आमचे निवृत्त शेजारीही पायजम्यावर येऊन फाटकाशी उभे होते. त्या सोळा मात्रांत कुणीही खुर्ची शोधत नव्हते. मग हात खाली आला आणि संबळ असा कडाडला की फाटकावरचे कावळे उडाले.

वाजवून झाल्यावर शेजारी माझ्याजवळ आले. "छान आहे," म्हणाले. "पण मध्येच तुटल्यासारखं वाटलं. पुढं काय होतं?"

"पुढचं अजून व्हायचं आहे," मी म्हणालो, आणि खिशातून पावतीपुस्तक काढले. त्यांनी पाचशे दिले. पावतीवरचे स्वतःचे नाव मात्र नीट तपासून घेतले.

मुलगा त्याच रात्री परत गेला. बसमध्ये चढताना म्हणाला, "सर, दुसरा भाग दोन संबळांचा लिहायला सांगा." त्याचा अर्थ तो परत येणार असा मी घेतलेला नाही. पण सांगणे मी संगीतकारांपर्यंत पोचवले आहे, आणि उरलेल्या तीन तालुक्यांत ओळखी काढतो आहे.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसून हे वाचाल तेव्हा तुमच्याही घरी गणपती-नवरात्राच्या पावत्या कुठेतरी डब्यात पडलेल्या असतील. पुढच्या साली पोरे दारात आली की त्यांना कटवू नका. एवढेच विचारा, की बाळांनो, यातले शंभर रुपये एका नव्या चालीला द्याल का? आपल्या आळीत पेटी वाजवणारा कुणीतरी असतो, गाणारी एखादी मुलगी असते, चाल बांधणारा एखादा अबोल गृहस्थ असतो. ते सगळे कुणीतरी नाव घेऊन बोलावण्याची वाट पाहत असतात.

परवा हिशेबाची वही पुन्हा चाळली. माझी पावती 'वर्गणी'च्या रकान्यात दिसली नाही. मला वाटले, सौभाग्यवती लिहायला विसरल्या. विचारले तर म्हणाल्या, "अहो, वर्गणी म्हणजे गेलेले पैसे. याचं तर अर्धं गाणं यायचं आहे अजून." आणि त्यांनी पान उलटून दाखवले. वहीच्या शेवटी, भाडेकरूच्या थकलेल्या भाड्याखाली, ती रक्कम व्यवस्थित नोंदलेली होती. वर मथळा होता : 'येणे'.